हाड बसवणारा

शनिवारी आमच्याकडे माती बंद असते. हनुमानाचा वार, म्हणून त्या दिवशी आखाड्यात कुणी लंगोट कसत नाही. नारळ फुटतो, आरती होते आणि पोरं घरी जाऊन झोपा काढतात. माझा शनिवार मात्र गेली बारा वर्षं ठरलेला आहे. मी अमरावतीच्या एका शाळेत पीटीचा मास्तर. सकाळची शाळा सुटली की बडनेऱ्याहून गाडी धरायची, मूर्तिजापूरला उतरायचं, तिथून ऑटोनं एका गावात जायचं आणि एका माणसाच्या पायांना दोन तास तिळाच्या तेलानं मालीश करायची. त्या पायांना त्यातलं काहीही कळत नाही. ‘मग कशाला करता?’ असं माझ्या बायकोनं पहिल्या वर्षी विचारलं होतं. दुसऱ्या वर्षी तिनं विचारणं सोडलं आणि शुक्रवारी रात्रीच तेलाची बाटली भरून पिशवीत ठेवायला लागली. तिचे उपकार मोजायला बसलो तर हा लेख तिच्यावरच संपेल, म्हणून पुढे जातो.

त्या माणसाला मी पाडलं होतं. कुस्तीत.

आम्ही दोघं जोडीचे पहिलवान. जोडीचे म्हणजे वयानं, वजनानं, दमानं बरोबरीचे. दंगल कुठलीही असो, तो आलेला दिसला की पंच आधी मला शोधायचे. मोर्शीला त्यानं मला चीत केलं, दर्यापूरला मी त्याला. अकोल्याला पाऊण तास एकमेकांना लोळवूनही निकाल लागेना, तेव्हा पंचांनीच कंटाळून कुस्ती बरोबरीत सोडवली. बाहेर येऊन आम्ही एकाच ठेल्यावर भजी खाल्ली. मैदानात वैर आणि ठेल्यावर याराना, असा आमचा हिशेब होता. तो शेतकऱ्याच्या घरचा, कपाशी आणि तुरीच्या रानात वाढलेला, हसरा आणि भयंकर चिडवखोर. मी हेकट आणि तापट. मला चिडवलं की मी चिडतो, हे त्याला पहिल्याच भेटीत कळलं आणि तेव्हापासून त्यानं ती सोय कधी सोडली नाही.

माझ्या उस्तादांबद्दलही इथंच सांगायला हवं. ते मुसलमान, अमरावतीत त्यांचं सायकलचं दुकान होतं. पहाटे आखाडा, दिवसभर पंक्चर, आणि संध्याकाळी दुकानासमोरच्या बाकावर हाडं. निखळलेला खांदा, मुरगळलेला घोटा, आखडलेली मान, सगळं त्या बाकावर बसायचं. दवाखान्यात जायच्या आधी लोक तिथं यायचे आणि बरेचसे दवाखान्यात न जाताच घरी जायचे. कुस्तीचे डाव त्यांनी अनेकांना शिकवले, पण ही विद्या मला एकट्याला दिली. माझी बोटं धरून हाडावर ठेवायचे आणि म्हणायचे, “गरम है तब तक बिठा दे, बेटा. ठंडा हुआ के गया.” म्हणजे मार ताजा असतो, अंग गरम असतं, तेव्हाच हाड बसतं; सूज चढली की बसत नाही. हे मी मनात पक्कं करून टाकलं. खरं सांगायचं तर कुस्तीपेक्षा मला या विद्येचा जास्त तोरा होता. कुस्ती मारणारे वऱ्हाडात पायलीचे पन्नास सापडतील, पण माझ्यासारखा हात कुणाचा नाही, असं मी समजत होतो.

ती दंगल त्याच्याच गावातली, पोळ्यानंतरची. दुपार उतरत होती, ढोल जोरात होता, माणसं बैलगाड्यांवर आणि ट्रॅक्टरवर चढून बसली होती. आमची कुस्ती शेवटून दुसरी. दहा-बारा मिनिटांनी तो माझ्या कमरेत शिरायला वाकला आणि मी त्याला धोबीपछाडवर घेतला, खांद्यावरून पुढे. डाव स्वच्छ होता. त्यानं हवेतच अंग वळवायचा प्रयत्न केला, पाठीवर पडायचं टाळायला, आणि डोक्यावर पडला. मग पालथा झाला. माणसं ओरडत होती. तो उठेना.

तो पालथा पडला होता, तोंड मातीत. पायाची बोटं माती उकरत होती. मी गुडघ्यावर बसलो. मान वाकडी दिसत होती, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: गरम आहे. पंच “थांब, थांब” म्हणत होते बहुतेक. मी एक हात हनुवटीखाली घातला, एक डोक्यामागे, आणि उस्तादांनी शिकवलं होतं तशी मान सरळ रेषेत ओढली. कट्ट आवाज आला. आखडलेल्या मानेतून तो आवाज आला की उस्ताद “हां” म्हणायचे. त्याच्या पायाची बोटं थांबली. मला वाटलं, दुखणं गेलं, अंग सैल पडलं. गाड्यांवरची माणसं टाळ्या वाजवायला लागली. मग मी त्याला उताणा केला. तोंड मातीनं गच्च भरलेलं होतं. बोट घालून घालून मी ती माती बाहेर काढली, त्यानं मोठा श्वास घेतला आणि म्हणाला, “माहे पाय कोठी गेले बे?”

अकोला झालं, नागपूर झालं. मानेचा मणका गेला होता. छातीखाली काही उरलं नाही. हात कोपरात वाकतात, बोटं मिटत नाहीत. डॉक्टरांनी काय काय सांगितलं त्यातलं आम्हाला एवढंच कळलं की तो जगेल आणि चालणार नाही. मी त्या दिवसानंतर मैदानात उतरलो नाही.

गावातल्या कुणी मला बोल लावला नाही. डाव तो डाव, असं म्हातारे पहिलवान मला उलट समजावायचे. आणि त्याची बायको, तिचं लग्न होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, ती मला पाहिलं की भरल्या डोळ्यांनी म्हणायची, “भाऊ, सारं मैदान पाहून रायलं होतं. तुमी एकटे धावले. तुमी मान बसवली म्हून थे जिते हायेत.” घरी कुणी पाहुणा आला, मी तिथं असलो, की ती हे पुन्हा सांगायची. पाहुणा माझ्याकडे आदरानं पाहायचा. आणि मी, खोटं कशाला बोलू, पहिली सात वर्षं ते ऐकत राहिलो आणि मनातून सुखावत राहिलो. मित्राला मी पाडलं, पण मीच वाचवलं, या समजुतीच्या आधारावर मी रात्री झोपत होतो.

त्या बाईनं घर उभं ठेवलं. शेत भावकीनं करायला घेतलं आणि तिनं समोरच्या खोलीत पिठाची चक्की टाकली. सकाळपासून चक्की सुरू, केसांवर, भुवयांवर पीठ. तो खुर्चीवर चक्कीच्या दाराशी बसतो आणि दळणाचे डबे सांभाळतो. सांभाळतो म्हणजे तोंडानं. कुणाचा डबा कुठला, कुणाचं आधी, कुणाच्या ज्वारीत गहू मिसळू द्यायचे नाहीत, कुणाच्या डब्याचं झाकण सैल आहे, सगळं त्याला पाठ. लिहून ठेवायची गरज पडत नाही. गावातल्या बायांची तो अशी चेष्टा करतो की त्या दळण झालं तरी उभ्या राहतात. मी गेलो की म्हणतो, “आले आमचे मालीशवाले. पयलवान, आज जरा पोटरी चांगली दाब, मागच्या शनिवारी तू कामचुकारपणा केला.” आणि मी चिडतो. त्याला काही जाणवत नाही हे मला माहीत, त्यालाही माहीत, तरी चिडतो.

पाच वर्षांपूर्वी आम्हा पीटीच्या मास्तरांना प्रथमोपचाराचं प्रशिक्षण होतं. एक तरुण मुलगी प्लास्टिकचा माणूस घेऊन आली होती, बोलायला चुणचुणीत. मानेला मार लागला की काय करायचं हे सांगताना ती म्हणाली, “मान हलवायची नाही, वळवायची नाही आणि ओढायची तर अजिबात नाही. आपल्याकडे पहिलवान लोक मान ओढून बसवतात. थोडक्यात वाचलेला माणूस त्यानं जन्माचा लुळा होऊ शकतो.” सभागृहातले सगळे मास्तर माझ्याकडे वळून हसले, कारण निम्म्यांचे घोटे मीच बसवलेले. मीही हसलो. आणि हसता हसता मला त्याच्या पायाची बोटं दिसली. माती उकरणारी. मी ओढायच्या आधी हलत होती. ओढल्यावर थांबली.

मी बाहेर जाऊन पाण्याच्या टाकीजवळ उभा राहिलो. नळ उघडा ठेवून किती वेळ उभा होतो, माहीत नाही. शिपायानं येऊन नळ बंद केला.

महिनाभर मी उस्तादांशी मनातल्या मनात भांडलो. ते वर्षभरापूर्वीच गेले होते, त्यामुळे समोरासमोर भांडायची सोय नव्हती. तुम्ही मला हे काय शिकवलं, असं विचारायचो. मग त्यांचा तो बाक आठवायचा, तिथून हसत उठून गेलेली माणसं आठवायची, आणि राग जिरून जायचा. त्यांनी जे होतं ते दिलं. प्रेमानं दिलं. मान आखडणं आणि मान मोडणं यातला फरक त्यांनाही कुणी शिकवला नव्हता. आता मी त्यांच्या नावानं शिव्या देत नाही. पण हाडं बसवणं त्या दिवसापासून बंद केलं. कुणी हात धरून आलं की मी खेकसतो, “एक्सरे काढ आधी!” लोक म्हणतात मास्तर माजला. म्हणू द्या.

त्याला मात्र सांगवलं नाही. दर शनिवारी ठरवून जायचो, पायाला हात लावला की शब्द गिळायचो. भीती मारामारीची नव्हती, तो बिचारा काय मारणार. भीती होती ते घर तुटायची. ती बाई माझ्यासाठी कपात वेगळी साय काढून ठेवते, तो आठवडाभर माझ्यासाठी टोमणे जमवून ठेवतो. हे सगळं मला एका खोट्यावर मिळत होतं, आणि खरं बोललो तर सगळं जाणार होतं. दोन वर्षं मी अशी भित्र्यासारखी काढली. मालीश तेवढी जास्त जोर लावून करायचो, जणू त्यानं काही फिटणार होतं.

मग तीन वर्षांपूर्वी, पोळा जवळ आला असताना, तो मला डोळे मिचकावत म्हणाला, “यंदा दंगलीत तुहा सत्कार हाय. शाल, नारळ, फेटा, सारं. मीच सांगतलं कमेटीले. म्हणलं, माहा जीव वाचवला, दर शनिवारी येते, अशा माणसाचा सत्कार नायी करान तं कोनाचा करान?”

“मले नायी पायजे सत्कार,” मी म्हणालो.

“तुले कोन इचारून रायलं? नवा सदरा घालून येजो. त्या मळक्या सदऱ्यात माही इज्जत काढू नोको.”

आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. त्याच मैदानात, त्याच मातीवर उभं राहून मान बसवल्याबद्दल शाल घ्यायची. एवढं माझ्यानं होणार नव्हतं. दंगलीच्या आधीच्या शनिवारी मी ठरवून गेलो. चक्की सुरू असतानाच सांगायचं, असं ठरवलं होतं, म्हणजे तिच्या कानावर जाणार नाही. त्याला सांगायला छाती होती, तिला सांगायला नव्हती.

तो आतल्या खोलीत पलंगावर होता. बाहेर चक्कीचा घरघराट. मी त्याचा डावा पाय मांडीवर घेतला, तेल लावलं आणि मान खाली घालून बोलायला लागलो. “त्या दिवशी तुहे पाय हालत होते. तू पालथा पडला होता, तुह्या पायाची बोटं माती उकरून रायली होती. म्या पायलं. मंग म्या तुही मान ओढली. मंग थे थांबले. तुले म्या वाचवलं नायी. डावानं तू पडला असशीन, पन लुळा म्या केला. मान ओढाची नसते. मले मालूम नोयतं.”

मी ‘मान ओढली’ म्हणायला आणि लाईट जायला एकच गाठ पडली. मी बोलत राहिलो आणि चक्की घरघरत घरघरत थांबली. माझा शेवटचा शब्द त्या शांततेत मोठ्यानं ऐकू आला. दारात ती उभी होती, हातात चाळणी. किती ऐकलं होतं कोण जाणे. चक्कीचा आवाज उतरताना बरंच ऐकलं असावं, कारण तिचा चेहरा पिठापेक्षा पांढरा पडला होता.

मी त्याच्या पायावरचे हात काढून घेतले.

“हात काहून थांबवले?” तो म्हणाला. “चालू ठेव.”

मी चालू ठेवले.

“अबे, पन मीच म्हणलो ना तुले,” तो छताकडे पाहत म्हणाला. “ओढ म्हून. तू वाकला, तवा मीच म्हणलो, मान आखडली, ओढ लवकर. माह्या वस्तादानंबी तेच शिकवलं होतं, गरम हाय तोवर बसवाचं. तू नसता ओढत तं म्या दुसऱ्या कोनाले ओढाले सांगतलं असतं. इसरला का?”

“खरंच तुमी म्हणले होते?” तिनं दारातून विचारलं.

“आता पयलवानाची आखडलेली मान पयलवानानं नायी ओढाची तं का तहसीलदारानं? म्हणलो म्हणजे म्हणलो.”

ती थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे. मी रडत होतो, हे मला तिच्या नजरेवरून कळलं. “मंग भाऊ,” ती म्हणाली, “तुमी एवढे वर्स हे एकटेच घेऊन बसले होते का?” आणि चाळणी खाली ठेवून ती चहा टाकायला गेली. साय काढून ठेवलेलीच होती.

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. याच तोंडातली माती मी माझ्या बोटानं काढली होती. मान ओढल्यानंतर काढली होती. त्याआधी त्या तोंडातून श्वास निघत नव्हता, तिथं ‘ओढ’ कुठून निघणार? हे त्यालाही माहीत असणार, कारण ती माती त्याच्या तोंडात होती. तो छताकडेच पाहत होता. “उजवा पाय बाकी हाय,” एवढंच म्हणाला.

सत्कार मी घेतला, पण आधी माईक मागून घेतला. सगळ्या मैदानाला सांगितलं की इथंच मी याची मान ओढली होती आणि ती माझी चूक होती. खुर्चीवरून तो ओरडला, “म्या सांगतलं होतं म्हून ओढली!” आणि लोक हसले. मग आम्ही एका पहिलवानाला मातीत पालथा झोपवून सगळ्यांना दाखवलं की पडलेल्याला हलवायचं नाही, चौघांनी मिळून, डोकं आणि धड एका रेषेत ठेवून फळीवर कसं घ्यायचं. फळी म्हणजे त्याच्या चक्कीच्या खोलीचं जुनं दार. ते त्यानं दंगलीला देऊन टाकलं. आता दरवर्षी ढोलाच्या आधी ते दार मैदानात येतं आणि कडेला आडवं टाकलं जातं. मागच्या वर्षी ते एकदा कामी आलं. तो पहिलवान आज आपल्या पायांनी चालतो.

मला आयुष्यात बरंच मिळालं. उस्ताद मिळाले, बायको मिळाली, साय काढून ठेवणारी एक बहीण मिळाली. रागीट माणसाला एवढं मिळू नये, तरी मिळालं. पण सगळ्यात मोठं जे मिळालं, ते त्या दिवशी लाईट गेलेल्या खोलीत मिळालं, आणि त्याचे आभार मला मानता येत नाहीत. मानले तर ते त्याला परत केल्यासारखं होईल.

गेल्या शनिवारी पोटरीला तेल लावता लावता मला राहवलं नाही. म्हटलं, “त्या दिवशी तू नेमकं काय म्हणला होता बे?”

त्यानं डोळे मिटून घेतले. बाहेर चक्की सुरू होती.

“ओढ म्हणलो,” तो म्हणाला. “दोनदा म्हणलो.”

“हो,” मी म्हणालो, “आलं ध्यानात,” आणि त्याचा दुसरा पाय मांडीवर घेतला.